चार एके चार

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात अ‍ॅलिक्विपा नावाचं एक गाव आहे. एके काळी पोलादाच्या कारखान्यावर पोसलेलं, आता कारखाना गेल्यावर उरलेलं. 25 नोव्हेंबर 2023 ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी, तिथल्या पाणीपुरवठा प्राधिकरणाच्या एका बूस्टर पंपिंग स्टेशनातल्या पडद्यावर निरोप आला : तुमचं यंत्र हॅक झालं आहे, ते इस्रायली बनावटीचं आहे आणि इस्रायली बनावटीचं प्रत्येक यंत्र आमचं लक्ष्य आहे. पाण्याचा दाब सांभाळणारं यंत्र बंद पडलं. अलार्म वाजला, माणसं धावली, त्यांनी पंप हातानं चालवायला घेतला. पाणी कुणाचंच तुटलं नाही. निरोप पाठवणारी टोळी इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डशी संबंधित होती, असं पुढे अमेरिकी सरकारनं जाहीर केलं.

अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यांपुढे वेब सिरीज सुरू होते. अंधारी खोली, काळ्या पडद्यावर धावणारी हिरवी अक्षरं, डोक्यावर टोपी ओढलेला पोरगा. प्रत्यक्षातली गोष्ट वेब सिरीजवाल्यांनी नाकारली असती. पंप चालवणारं ते छोटं नियंत्रक यंत्र थेट इंटरनेटला जोडलेलं होतं. आणि ते यंत्र कारखान्यातून निघतं तेव्हा त्यावर जो पासवर्ड असतो तो आहे 1111. हल्लेखोर बहुधा तोच टाकून आत आले, असं अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, म्हणजे 'सीसा'नं सांगितलं. चार एके चार. कुलूप होतं, किल्ली कुलपालाच लटकत होती, आणि दार हमरस्त्यावर उघडत होतं.

त्या एकाच मोहिमेत किमान 75 यंत्रं हल्लेखोरांच्या हाती सापडली. त्यातली निदान 34 अमेरिकेतल्या पाणी आणि सांडपाण्याच्या व्यवस्थांमधली. आयर्लंडच्या मेयो परगण्यात गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या एका पाणीयोजनेवर तेच यंत्र होतं. तिथल्या दीडशेहून जास्त घरांचं पाणी दोन दिवस गेलं. आयर्लंडचं आणि इराणचं काय वाकडं? काहीच नाही. पंपावरच्या पट्टीत बनावटीचा देश वेगळा छापलेला असता, तर त्या बायाबापड्यांना तेहरानचा राग कळलाही नसता.

आता खरी गंमत तारखांची आहे, ती बघा.

मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, ईपीएनं, राज्यांना एक पत्रक काढलं. पाणीयोजनांची जी नेहमीची स्वच्छता पाहणी होते (टाकीला झाकण आहे का, विहिरीच्या कडेला उकिरडा आहे का, क्लोरीन वेळेवर पडतं का), तिच्यात यापुढे संगणकांचीही विचारपूस करा, एवढंच त्यात म्हटलं होतं. पासवर्ड बदलला का, बाहेरून कुणाला शिरता येतं का. त्यावर मिसुरी, आर्कान्सा आणि आयोवा ही तीन राज्यं कोर्टात गेली. पाणीपुरवठा संस्थांच्या दोन मोठ्या राष्ट्रीय संघटनाही त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. जुलैत कोर्टानं पत्रकाला स्थगिती दिली. ऑक्टोबरात ईपीएनं पत्रक मागं घेतलं. आणि नोव्हेंबरात अ‍ॅलिक्विपा. मध्ये फक्त सहा आठवडे! वरातीमागून घोडं येतं हे आपल्याला माहीत होतं. इथं घोडं वेळेवर आलं होतं, वऱ्हाडानंच त्याला कोर्टात खेचून परत पाठवलं.

वादींची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवं. विहिरीच्या कडेचा उकिरडा बघणाऱ्या निरीक्षकाला फायरवॉल कुठून कळणार, असा त्यांचा सवाल होता. अमेरिकेत दीड लाखांच्या घरात सार्वजनिक पाणीयोजना आहेत आणि त्यातल्या बहुतेक एवढ्याशा, की पाणी सोडणारा, मीटर वाचणारा, बिल फाडणारा आणि नळ गळाला तर पान्हा घेऊन जाणारा माणूस एकच. त्याला दुपारी इराणशी लढायला सांगायचं म्हणजे जरा जास्तच झालं. शिवाय नियमाचा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात येणार, हाही मुद्दा होता. पण ज्या गोष्टीवरून एवढं रण माजलं, तिच्या मुळाशी काय होतं? यंत्राचा पासवर्ड बदला. याला खर्च किती येतो, ते कोर्टापुढे कुणी मांडलं असतं तर बरं झालं असतं. वकिलाच्या एका तासाच्या फीमध्ये सगळ्या तालुक्याचे बदलून झाले असते.

पाण्याच्या सुरक्षेला हुशार शत्रू जेवढा धोक्याचा आहे, त्याहून 'हे माझ्या टेबलाचं काम नाही' हे वाक्य धोक्याचं आहे. संगणकवाला म्हणतो, पंप माझे नाहीत. पंपवाला म्हणतो, संगणक माझा नाही. यंत्र बसवून देणारा ठेकेदार म्हणतो, आमचा देखभालीचा करार मागच्या वर्षी संपला. निरीक्षक म्हणतो, माझ्या फॉर्मात तो रकाना नाही. अशा चार टेबलांच्या मधल्या बोळातून जगातला कुठलाही हॅकर मोटार घालून जाऊ शकतो, आणि ती रिव्हर्समध्येसुद्धा.

हुशार शत्रूची आपल्याला हौस का असते, याचा नमुना फ्लोरिडातल्या ओल्ड्समार गावात आहे. 5 फेब्रुवारी 2021. शेजारी टँपाला दोन दिवसांनी सुपर बोल, म्हणजे त्यांच्याकडची वर्ल्ड कप फायनलच. जलशुद्धीकरण केंद्रातल्या ऑपरेटरला दिसलं की पडद्यावरचा बाण आपोआप फिरतोय. बाणानं कॉस्टिक सोड्याचा डोस 100 पीपीएमवरून थेट 11,100 वर नेला. पाण्याचा आम्लपणा कमी करायला हा सोडा अगदी बेतानं सोडतात. तोच ड्रेनेज साफ करायच्या पावडरीत असतो. ऑपरेटरनं आकडा ताबडतोब खाली आणला. तीन दिवसांनी शेरीफनं पत्रकार परिषद घेतली, बातमी जगभर गेली, 'विषप्रयोग टळला' म्हणून मराठी वाहिन्यांना पुरेल एवढा मसाला झाला. केंद्रातले संगणक विंडोज 7 वर होते, दुरून काम करायचं सॉफ्टवेअर सगळ्यांना एकाच पासवर्डवर खुलं होतं, हेही बाहेर आलं.

दोन वर्षांनी, 2023 मध्ये, त्या गावाचे तेव्हाचे व्यवस्थापक एका परिषदेत म्हणाले की बाहेरचा कुणी नव्हताच. आपल्याच माणसाच्या हातून कळा दाबल्या गेल्या असाव्यात. एफबीआयलाही बाहेरून कुणी शिरल्याचा पुरावा मिळाला नाही. ही दुरुस्ती किती वाहिन्यांनी दाखवली? तरीही या गावाचं नाव पाणी-सुरक्षेच्या प्रत्येक सादरीकरणात दुसऱ्या स्लाइडवर असतंच. कळ चुकून दाबली गेली असेल, तर माझ्या मते गोष्ट जास्त भयंकर आहे. एका चुकीच्या कळीवर सोडा शंभर पटींहून वर जाऊ शकतो, असं यंत्र गावाच्या पाण्यावर बसवलेलं होतं. हॅकरला निदान पकडता तरी येतं.

आणि हॅकर असलाच, तर तो परका असतो हे कुणी सांगितलं? या विषयातला आद्य गुन्हेगार घरचा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मरूची परगण्यात सांडपाण्याची पंपिंग स्टेशनं रेडिओनं नियंत्रित करायची यंत्रणा एका कंपनीनं बसवली. त्या कंपनीतल्या व्हिटेक बोडेन नावाच्या माणसानं नोकरी सोडली, मग परगण्याच्या कौन्सिलकडे नोकरी मागितली. कौन्सिलनं नाही म्हटलं. 2000 सालच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पंप वेड्यासारखे वागायला लागले. नको तेव्हा बंद, अलार्म गायब. अभियंत्यांनी आधी यंत्रणेतला बिघाडच शोधला. नवी यंत्रणा, नवे दोष, असं समजून. अखेर पोलिसांनी बोडेनची गाडी अडवली, तिच्यात लॅपटॉप आणि रेडिओ संच निघाला. 46 वेळा त्यानं ही उचापत केली होती. सुमारे 8 लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत आणि एका पंचतारांकित हॉटेलाच्या आवारात पसरलं. ओढ्याचं पाणी काळं पडलं, मासे मेले. बोडेनला दोन वर्षांची शिक्षा झाली.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं, तर इथं कुंपण घालणारा गडीच होता. पण सूड घ्यायला तो हुशार असायची गरज नव्हती. त्याला फक्त आठवत असायला हवं होतं. जुन्या माणसाच्या डोक्यातलं ज्ञान निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर परत घेता येत नाही. पासवर्ड मात्र बदलता येतात. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एल्सवर्थ परगण्याच्या ग्रामीण पाणीयोजनेत हेच झालं. नोकरी सोडून काही आठवडे झालेल्या एका तरुणानं मोबाइलवरून यंत्रणेत शिरून शुद्धीकरण बंद केलं. सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळून एकच पासवर्ड होता आणि हा तरुण गेला तरी पासवर्ड तोच राहिला. तपासात त्याचं म्हणणं पडलं, आपण प्यायलो होतो, काही आठवत नाही. पासवर्ड मात्र आठवला, म्हणजे तो किती सोपा असेल बघा.

हे सगळं तपासायला कायदा नाही असं नाही. 2018 च्या अमेरिकी जल पायाभूत सुविधा कायद्यानं 3,300 हून जास्त लोकांना पाणी देणाऱ्या प्रत्येक योजनेला जोखमीचा अभ्यास करणं आणि आणीबाणीचा आराखडा तयार करणं बंधनकारक केलं. दर पाच वर्षांनी पुन्हा. पूर, भूकंप, घातपात, संगणक, सगळं त्यात आलं. पण अभ्यास सरकारला दाखवायचा नाही. अभ्यास केला आहे, एवढं आपणच लिहून द्यायचं. आपल्याकडे याला 'स्वयंघोषणापत्र' म्हणतात आणि तहसील कचेरीबाहेर त्याचा छापील नमुना मिळतो. न दाखवण्यामागचं कारण रास्त आहे : सगळ्या देशाच्या पाण्यातल्या भोकांची यादी एका कपाटात ठेवली, तर ते कपाटच चोरीला जायचं. पण मग 2024 च्या मेमध्ये ईपीएनं जाहीर केलं की अलीकडे तपासलेल्या योजनांपैकी 70 टक्क्यांहून जास्त ठिकाणी कायद्याच्या अटी पुऱ्या पाळलेल्या नाहीत. काही ठिकाणी कारखान्याचे पासवर्डच चालू, काही ठिकाणी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांचे प्रवेश चालू. अ‍ॅलिक्विपाला सहा महिने उलटल्यावर!

इथं आपल्याला मिशा पिळायचा मोह होईल, कारण पाहणीत आपण जुने आहोत. महाराष्ट्रात आरोग्य खातं वर्षातून दोनदा गावोगावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड देतं. सलग पाच वर्षं साथ आली नाही तर चंदेरी कार्ड. गावात जलसुरक्षक असतो. नावात सुरक्षा असलेला बहुधा सगळ्यांत कमी पगाराचा माणूस. टीसीएल पावडर किती उरली, जलवाहिनी कुठं गळते, विहिरीभोवती कपडे कोण धुतं, हे त्यानं बघायचं. ही पद्धत चांगली आहे, आणि रंगामुळे सरपंचाला लाजही वाटते. पण याच रकान्यांनी अ‍ॅलिक्विपाची पाहणी केली असती, तर तिला हिरवं कार्ड मिळालं असतं. पाणी उत्तम होतं. झाकणं लागलेली होती.

आणि आपल्याकडेही 'स्काडा', म्हणजे पंप-व्हॉल्व्ह दुरून संगणकावर चालवायची यंत्रणा, येतोय. अमृत योजनेत आहे, महापालिकांच्या अंदाजपत्रकी भाषणात आहे, 'स्मार्ट' लिहिलेल्या प्रत्येक फलकामागं आहे. नियंत्रण कक्षात मोठे पडदे लागतात, महापौर फीत कापतात, फोटोत मागं निळ्या टाक्यांची चित्रं झळकतात. माझी नगरसेवकांना विनंती आहे की फीत कापून झाली, की पेढा तोंडात असतानाच एक प्रश्न विचारावा : पासवर्ड काय आहे? कुणी चटकन सांगितला तर काळजी करावी. 'ठेकेदाराला विचारतो' म्हणाले तर जास्त काळजी करावी.

तोवर आपले हॅकर साधे आहेत. मुंबईचं पाणी आणणाऱ्या जमिनीखालच्या जलबोगद्याला ठाण्यात कुणाच्या तरी बोअरवेलच्या यंत्रानं भोक पाडलं. दुरुस्तीसाठी 31 मार्च 2023 पासून महिनाभर मुंबईत 15 टक्के पाणीकपात जाहीर झाली. कसला पासवर्ड नि कसलं काय! खाली बोगदा आहे हे ज्या टेबलाला माहीत होतं आणि वर बोअर पडतेय हे ज्या टेबलाला दिसायला हवं होतं, त्या दोन टेबलांची गाठ पडली नाही. त्याआधी जुलै 2021 मध्ये एका रात्रीच्या पावसानं भांडुप जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरलं, विद्युत यंत्रणा बंद करावी लागली आणि निम्म्याहून जास्त मुंबईचे नळ कोरडे पडले. पाण्यानं पाणी बंद पाडलं. नंतर महापालिकेनं पाणी उकळून प्यायला सांगितलं. तेव्हा जोखमीच्या अभ्यासात इराणच्या आधी पाऊस लिहायला हरकत नाही.

उपाय काय, म्हणून तज्ज्ञ विचारला की तो सल्लागार कंपनीचं कार्ड काढतो. मला आवडलेले दोन उपाय भंगारवाल्यालाही समजतील. पहिला डोसिंग पंपाचा. रसायन सोडणारा पंपच एवढा लहान घ्यायचा, की त्याला पूर्ण जोर लावूनही माणसाला अपाय होईल इतकं रसायन सोडता येऊ नये. रोजची टाकीही बेताची ठेवायची. मग संगणकावर कुणी 11,100 लिहो की 11 लाख. पंप म्हणणार, माझ्याच्यानं होत नाही. आळशी यंत्राइतकं सुरक्षित यंत्र नाही. टेंडरमध्ये मात्र नेमकं उलटं होतं. 'भविष्यातील वाढती लोकसंख्या लक्षात घेता' म्हणून दुप्पट ताकदीचा पंप घेतला जातो आणि घातपाताची सोय अंदाजपत्रकातूनच होते.

दुसरा उपाय टेक्सासमधल्या हेल सेंटर या चिमुकल्या गावानं केला. 2024 च्या जानेवारीत जवळच्या म्यूलशू गावी यंत्रणेत कुणीतरी शिरलं आणि पाण्याची टाकी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर वाहत राहिली. एका रशियन नाव लावणाऱ्या गटानं त्याचा व्हिडिओही टाकला. त्याच सुमारास हेल सेंटरच्या फायरवॉलवर चार दिवसांत 37,000 वेळा शिरकावाचे प्रयत्न झाले. गावानं काय केलं? वायर काढली. यंत्रणा इंटरनेटपासून तोडली आणि पंप हातानं चालवले. रशियाकडं क्षेपणास्त्रं आहेत, पण टेक्सासमध्ये येऊन वायर पुन्हा खोचायची सोय नाही. अर्थात हातानं पंप चालवता येणारा माणूस त्या गावात अजून नोकरीवर होता, म्हणून हे जमलं. आपल्याकडे स्काडाच्या प्रस्तावात पहिली बचत दाखवतात ती व्हॉल्व्हमनच्या पगाराची. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या आळीला पाणी चढतं, हे त्याच्याच हाताला माहीत असतं, आणि ते कुठल्याही हार्ड डिस्कवर नसतं.

सगळेच शत्रू असे गडबडे नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधलं लिटलटन हे गाव वीज आणि पाणी दोन्ही स्वतःच्याच खात्यातून पुरवतं. तिथं चिनी सरकारशी संबंधित समजली जाणारी 'व्होल्ट टायफून' टोळी 300 हून जास्त दिवस मुक्कामाला होती. काही बिघडवलं नाही, काही मागितलं नाही, पडद्यावर निरोप नाही. नुसती बसली होती. नोव्हेंबर 2023 मध्ये, अ‍ॅलिक्विपाच्या आठवडाभर आधीच्या शुक्रवारी, तिथल्या व्यवस्थापकांना एफबीआयचा फोन आला, की तुमच्या यंत्रणेत कुणीतरी आहे. त्यांना वाटलं, फसवणुकीचा फोन. त्यांनी विश्वास ठेवला नाही. आपण होऊन एफबीआयच्या बॉस्टन कार्यालयाला फोन लावून खातरजमा केली आणि मगच पुढचं बोलले. आपल्याकडच्या 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांना असं गिऱ्हाईक भेटलं तर धंदा बसेल. या सबंध लेखात सायबर सुरक्षेचा नियम तंतोतंत पाळणारा माणूस एवढा एकच सापडला, आणि त्यानं तो पाळला पोलिसांविरुद्ध.